सईच्या दंडावरची पट्टी

हेमलता भंगाळेच्या घरात त्या वर्षी दोन पोटुशा बायका होत्या. एक सून, एक लेक. सून कार्तिकी घरातच होती. लेक सई गौरी-गणपतीला पुण्याहून आली आणि बाळंतपण करूनच जायचं म्हणून राहिली. दोघींच्या तारखांत फारसं अंतर नव्हतं. सावद्याच्या त्या गल्लीत सगळ्यांना या जोडबाळंतपणाचं कौतुक होतं, आणि हेमलतेला सगळ्यांत जास्त.

हेमलता म्हणजे गावात वजन असलेली बाई. नवरा गेल्यावर तिनं केळीच्या वेफर्सचा कारखाना परसातल्या पत्र्याच्या शेडमध्ये सुरू केला आणि वाढवला. पुढे बचत गटांच्या संघाची ती अध्यक्ष झाली. मुलगा पुष्कर उरणच्या बंदरात केळीच्या शीतपेट्यांवर देखरेख करायचा, महिन्यातून एकदा घरी यायचा. म्हणजे घर, कारखाना आणि संघ, तिन्ही ठिकाणी शेवटचा शब्द हेमलतेचाच.

गर्भपट्टी गावात आली ती तिच्यामुळेच. बोटभर रुंदीचा चिकट तुकडा, दंडाच्या आतल्या बाजूला लावायचा. त्याच्या खालच्या अंगाला केसाहून बारीक सुया. त्या दुखत नाहीत, रक्तही काढत नाहीत; कातडीखाली पेशींच्या मधून जे पाणी फिरतं त्यातलं थोडंसं चाखून बघतात. पट्टीच्या वर मुगाएवढा दिवा. हिरवा, पिवळा किंवा लाल.

ती पट्टी खरं तर वारेचा कानोसा घ्यायची. वार म्हणजे बाळंतपणानंतर टाकून द्यायचा मांसाचा गोळा, इतकंच बायकांना माहीत होतं. पण वार आईची नसते, बाळानं स्वतःच्या पेशींतून उभारलेली असते. बाळाचा पहिला अवयवच म्हणा. आईच्या रक्तातून प्राणवायू आणि अन्न ओढून घ्यायचं तिचं काम. तिला रक्त कमी पडायला लागलं की ती आईच्या अंगात काही ठरावीक प्रथिनं सोडते. ही प्रथिनं वाढत गेली की पुढे आईचा रक्तदाब चढतो, अंगावर सूज येते, डोळ्यांपुढे काजवे चमकतात आणि एखादीला झटकेही येतात. पूर्वी हे शेवटी कळायचं. पट्टीला ते कित्येक आठवडे आधी कळायचं. शिवाय अंगातलं लोह किती, साखर किती, हेही ती सांगायची.

संघाच्या सभागृहात हेमलतेनं माईक हातात घेऊन हे सगळं बायकांना समजावलं होतं. "आपल्या गावात एकाही घरात पिवळा दिवा दिसता कामा नये," असं ती शेवटी म्हणाली आणि टाळ्या पडल्या. त्याच सभागृहाच्या भिंतीवर मग एक पडदा लागला. त्यावर गल्ल्यांची नावं आणि पुढे रंगाचे ठिपके. बाईचं नाव नाही, फक्त गल्ली. पण एका गल्लीत पोटुशा बायका असून असून असणार किती? कुणाच्या घरचा ठिपका पिवळा झाला हे चहा उकळेपर्यंत सगळ्यांना कळायचं. ज्यांनी पट्टी केली त्यांनी बाईची काळजी घेतली जावी म्हणून ती केली होती. गावानं तिची अब्रू केली.

कार्तिकीची दवाखान्यात नाव-नोंदणी उशिरा झाली. दिवस गेल्याचं तीन महिने कुणाला सांगायचं नाही अशी हेमलतेच्या घरची रीत. मग श्रावणातल्या उपासांचे वेफर्स आले, रोज उठून नवी ऑर्डर. कार्तिकीचा हात किसणीवर फार सफाईनं चालायचा, काप एकसारखे पडायचे. आज जाऊ, उद्या जाऊ करत पाचवा महिना लागला. पहिली सोनोग्राफी तेव्हा झाली, पट्टीही तेव्हाच लागली. कार्तिकीची पाळी मुळातच मागेपुढे व्हायची, त्यामुळे तारीख अंदाजानंच धरली.

गणपतीनंतर तिचा दिवा पिवळा झाला. दुपारी आरोग्यसेविकेची बिनचालकाची गाडी गल्लीत येऊन बरोबर दारापुढे थांबली. समोरच्या ओट्यावर फेगड्यांची वहिनी गहू निवडत होती. तिनं मान वर केली आणि गाडी जाईपर्यंत खाली घातली नाही.

"रक्त कमी आहे आणि वारेचा निरोपही बरा नाही," सेविका म्हणाली. "दर पंधरवड्याला दवाखान्यात आणा. दाब बघू, वाढ बघू, गोळी सुरू करू. आणि हिला भट्टीपुढे उभी करू नका."

"नाही हो, आमच्याकडे कुणी उभं करत नाही," हेमलता म्हणाली. शेडमधून तेलाचा वास येत होता.

त्या संध्याकाळी पडद्यावर त्यांच्या गल्लीपुढे पिवळा ठिपका होता. सभेत फेगड्यांची वहिनी फक्त म्हणाली, "हेमाताई, सुनेला जपा." हेमलतेला ते कानफटात दिल्यासारखं लागलं.

ती घरी आली तेव्हा सई पलंगावर उशांना टेकून बसली होती. पुढ्यात दुधाचा पेला, बदाम, डिंकाचा लाडू. कार्तिकी ओट्याशी भांडी घासत होती. ती जेवली का हे हेमलतेनं विचारलं नाही. दुष्टपणानं नव्हे. तिच्या मनातच आलं नाही. लेक पाहुणी म्हणून आलेली, तिचं करायचं. सून घरचीच, तिचं तिनं बघायचं. हेमलतेच्या सासूनंही तिच्याशी असंच केलं होतं आणि तिला ते कधी वेगळं काही वाटलं नव्हतं.

एकदा दवाखान्यात नेऊन आणलं. दुसऱ्यांदा राहून गेलं. नवरात्राची ऑर्डर तोंडावर होती.

घट बसले त्या दिवशी सकाळी कार्तिकी न्हाऊन आली तेव्हा तिची पट्टी सुटून आली होती. दिवा पिवळा होता, त्यात तांबूस झाक. पट्टी तीन दिवसांपेक्षा जास्त अंगावेगळी राहिली तर दवाखान्याला कळायचं. हेमलतेनं ती हातात घेतली. सई तिथेच केस विंचरत बसली होती. तिचा दंड गोरा, भरलेला, त्यावर हिरवा दिवा.

"हात कर गं सई," हेमलता म्हणाली.

"हे काय, मला दोन-दोन?"

"हिला खाज सुटते त्यानं. काही दिवस राहू दे तुझ्याकडे. आजपासून अष्टमीपर्यंत संघातलं कुणी ना कुणी घरी येतं-जातं, त्यात ती गाडी दारात नको."

सई हसली आणि हात पुढे केला. कार्तिकी दारात ओले केस टॉवेलात गुंडाळून उभी होती. तिच्याकडे कुणी बघितलं नाही. थोड्या वेळानं दुसरा दिवाही हिरवा झाला, आणि हेमलतेच्या फोनवर निरोप आला: प्रकृतीत सुधारणा, अभिनंदन. तो खोटा आहे हे तिला माहीत होतं, तिनंच तर तो घडवला होता. तरीही वाचून तिला बरं वाटलं. हे तिला पुढे सगळ्यांत जास्त टोचायचं, की तेव्हा बरं वाटलं होतं.

पट्टी काढून ठेवली तर कळावं अशी सोय यंत्र करणाऱ्यांनी केली होती. पण एकाच घरात दुसरा गरोदर दंड असेल आणि घरचंच माणूस ती पट्टी तिकडे चिकटवेल, हे त्यांना सुचलं नव्हतं.

अष्टमी गेली, दसरा गेला. पट्टी सईच्याच दंडावर राहिली. दिवा हिरवा असला की दवाखान्यातून बोलावणंही येत नसे. "पट्टी आहे ना, मग कशाला हेलपाटे," असं हेमलता एकदा स्वतःशीच म्हणाली आणि क्षणभर तिला ते पटलंसुद्धा.

दिवाळीत कार्तिकीच्या बांगड्या मनगटात रुतायला लागल्या. साबण लावूनही निघेनात. "पाणी धरलंय अंगानं, होतं असं," हेमलता म्हणाली. डोकं दुखतं म्हटल्यावर तिनं बाम चोळून दिला. भाऊबिजेनंतरच्या आठवड्यात कार्तिकी शेडमध्ये किसणीपुढे बसल्या बसल्या म्हणाली, "आई, मला ताट अर्धंच दिसतंय." आणि ती बाजूला कलली.

दवाखाना गावातच होता. डॉक्टर नसीमा तडवी तिथे नव्यानं आल्या होत्या. पस्तिशीच्या, कमी बोलणाऱ्या, यावल भागातल्याच. त्यांनी कार्तिकीला आत घेतलं, दाब उतरवायचं औषध लावलं, झटके येऊ नयेत म्हणून सुई दिली. मग बाहेर व्हरांड्यात आल्या. बाकावर हेमलता आणि सई होत्या, आणि बातमी लागताच धावून आलेल्या संघाच्या दोन बायका. त्यांतली एक फेगड्यांची वहिनी.

"दाब फार चढलाय," डॉक्टर म्हणाल्या. "पण मला कोडं पडलंय ते बाळाचं. बाळ लहान दिसतंय. याचे दोन अर्थ होतात. एक तर तारीख चुकली असेल आणि बाळ मुळातच कमी दिवसांचं असेल. किंवा तारीख बरोबर आहे आणि त्याला आत नीट मिळालंच नाही. पहिली सोनोग्राफी उशिरा झाली, त्यामुळे यंत्रावरून मला सांगता येत नाही. पट्टीवर मध्ये पिवळं होतं, पण नवरात्रापासून सगळं हिरवं आहे. वार ठणठणीत असेल तर मी तारीख चुकली असं धरेन. मग बाळ पोटातच बरं. फुप्फुसं पिकायची सुई देऊन दोन दिवस थांबेन."

"आणि दुसरं असेल तर?" सईनं विचारलं.

"तर ते आत उपाशी आहे. मग थांबणं म्हणजे त्याला मारणं." डॉक्टरांनी हेमलतेकडे पाहिलं. "तिच्या दंडावर पट्टी दिसत नाही. कधी काढली?"

फेगड्यांची वहिनी बघत होती. सई मान खाली घालून पदराशी चाळा करत होती. दोन्ही पट्ट्या त्या पदराखाली होत्या, एक तिची, एक तिची नसलेली.

"न्हाताना सुटली," हेमलता म्हणाली. "झाले दोनेक दिवस."

तिला वाटलं होतं की एवढं सांगितलं की डॉक्टर समजून घेतील, पुढचं विचारतील आणि मग सांगता येईल. पण डॉक्टर म्हणाल्या, "दोन दिवसांनी काही बिघडत नाही," आणि आत गेल्या.

अर्धं सांगितलं की उरलेलं अर्धं दुप्पट जड होतं. सई कुजबुजली, "आई, तू सांगतेस का मी सांगू?" हेमलता म्हणाली, "थांब जरा. या बायका जाऊ देत." बायका गेल्या नाहीत. वहिनीनं घरून डबा मागवला, पाण्याची बाटली आणून दिली, हेमलतेच्या पाठीवरून हात फिरवला. तिच्या हातात कुठेही उट्टं काढणं नव्हतं. खरी माया होती.

मग हेमलतेला आत बोलावलं. कार्तिकी उशीवर निपचित पडली होती. पापण्या सुजून डोळे बारीक झाले होते. बांगड्या नर्सनं कापून काढल्या होत्या आणि मनगटावर त्यांचे वळ उठले होते. सासूला पाहून तिनं उठायचा प्रयत्न केला.

"पडून राहा," हेमलता म्हणाली.

"त्यांनी मलापण विचारलं, आई. पट्टीचं." कार्तिकीचे शब्द जडावले होते. "मी काही बोलले नाही. तुमचं नाव खाली गेलं असतं ना संघात. बाळ सकाळपासून हलल्यासारखं वाटत नाहीये. मला कळत नाहीये. तुम्ही हात लावून बघता?"

इतक्या महिन्यांत हेमलतेनं सईच्या पोटावर कितीदा हात ठेवला होता, लाथ लागली की हसली होती. या पोटावर पहिल्यांदाच. पोट ताठ होतं, गरम होतं. आत काही हललं नाही. मग अगदी पुसट काहीतरी झालं, कुणी झोपेत कूस बदलावी तसं, आणि पुन्हा शांत.

ती बाहेर आली. डॉक्टर व्हरांड्याच्या टोकाला नर्सशी बोलत होत्या, बायका बाकावर होत्या. तिला डॉक्टरांना बाजूला घेता आलं असतं. पण तेवढं चालायचं, बाजूला घ्यायचं, हळू आवाजात सुरुवात कशी करायची ते ठरवायचं, एवढा धीर तिच्यात उरला नव्हता. ती होती तिथूनच बोलली.

"डॉक्टर, दोन दिवस नाही. घट बसले त्या दिवसापासून पट्टी तिच्या अंगावर नाहीये. माझ्या लेकीच्या अंगावर आहे. मी लावली. आणि तारीख बरोबर आहे, ती म्हणते तीच. दिवस गेलेत हे मला पहिल्या महिन्यापासून ठाऊक होतं, मीच तिला चौथा महिना लागेपर्यंत बोलू दिलं नाही. काढली तेव्हा दिवा पिवळाही धड नव्हता. लालसर होता."

सईनं पदर बाजूला करून दंड पुढे केला. दोन हिरवे दिवे, एकाखाली एक.

डॉक्टर तडवींनी त्या दंडाकडे एकदा पाहिलं आणि त्या वळून धावल्याच. मागोमाग नर्स धावली, आत भराभर सूचना सुरू झाल्या, चाकांचा आवाज झाला. हेमलता तिथेच उभी राहिली. तिला वाटलं होतं, कुणी ओरडेल, कुणी थोबाडीत मारेल. कुणाला वेळच नव्हता. फेगड्यांची वहिनी डब्याचं झाकण लावत होती. तिनं वर पाहिलं नाही. शरमेनं तिचाच चेहरा लाल झाला होता, जणू तिनंच काही केलं होतं.

मुलगी झाली. कोंबडीच्या पिलासारखी, हातापायांच्या काड्या, कातडीतून शिरा दिसणाऱ्या. ती रडली नाही, नळी घातल्यावर मग जरा कण्हली. कार्तिकी वाचली. तिचा दाब उतरायला बरेच दिवस लागले. पुष्कर उरणहून आला, काचेच्या पेटीपुढे उभा राहिला आणि आईशी एक अक्षर न बोलता बायकोच्या खोलीत जाऊन बसला.

डॉक्टरांनी पुष्करला आणि हेमलतेला एकत्रच समोर बसवलं.

"एक स्पष्ट सांगते," त्या म्हणाल्या. "वारेचा हा आजार कुणालाही होतो. राणीसारखं जपलेल्या बाईलाही. तो तुम्ही केला नाहीत. अंगात रक्त नव्हतं ते मात्र ताटातलं आहे. आणि आजार वाढतोय हे कळलं असतं तर गोळी होती, तपासणी होती, बाळाला आणखी काही आठवडे चांगले मिळाले असते. ते गेले."

"मुलगी आता बरी होईल ना?" पुष्करनं विचारलं.

"वाढेल, शाळेत जाईल. पण ज्या बाळाला पोटात कमी मिळतं त्याचं शरीर काटकसर शिकतं. आहे तेवढं मेंदूला देतं आणि मूत्रपिंड, यकृत, रक्तवाहिन्या यांच्या वाट्याचं कापतं. मूत्रपिंडातल्या गाळण्या जन्माआधीच तयार होतात, नंतर नव्या येत नाहीत. हिच्याकडे कमी असणार. म्हणून दाब, साखर, वजन, दरवर्षी बघायचं. आयुष्यभर. हे मिटत नाही. सांभाळता येतं."

पुढच्या महिन्यात सईला मुलगा झाला. गुबगुबीत, मुठी आवळलेला, रडला तर गल्लीला ऐकू जाईल असा. बारशाला आलेल्या बायका त्याला उचलून घ्यायच्या आणि दुसऱ्या पाळण्याशी आल्या की हात मागे घ्यायच्या, लागेल म्हणून. कार्तिकी ते बघत राहायची. दुसऱ्या दिवशी ती मुलीला घेऊन उरणला निघाली. पुष्करनं तिथे खोली बघितली होती.

"मी रागानं जात नाही, आई," ती म्हणाली. "पण मी तुम्हाला माफ केलं असं कुणाला सांगू नका. ते अजून मला झालेलं नाही."

हेमलतेनं मान डोलावली.

अध्यक्षपद तिनं सोडलं. सभेला मात्र जात राहिली, मागच्या रांगेत बसायची. वर्षभरात नवी पट्टी आली. ती समजावून सांगायला जळगावहून एक तरुण अधिकारी आला होता. नव्या पट्टीत बाळाची खूण तपासायची सोय होती. वारेतून सुटलेले बाळाच्या गुणसूत्रांचे बारीक तुकडे आईच्या अंगात फिरत असतात. पहिल्या दिवशी पट्टी ते ओळखून ठेवणार आणि पुढे दरवेळी पडताळणार. "म्हणजे एकीची पट्टी दुसरीला लावता येणार नाही," तो म्हणाला. "तुम्हाला वाटेल असं कोण करतं. पण आपल्याच राज्यात एका ठिकाणी घडलंय." तो नवखा होता, त्याला ठाऊक नव्हतं. सभागृहातल्या प्रत्येक बाईला ठाऊक होतं. एकीनंही मागे वळून पाहिलं नाही. सगळ्या जणी आपापल्या मांडीवरच्या हातांकडे बघत बसल्या. त्या तिला सांभाळून घेत होत्या, आणि हेमलतेला वाटलं, यापेक्षा त्यांनी वळून बघितलं असतं तर बरं. गल्ल्यांचा पडदाही त्याच दिवशी भिंतीवरून उतरला. तो उतरवा असा अर्ज फेगड्यांच्या वहिनीनं दिला होता.

हेमलतेनं स्वतःहून एकच मागणं केलं. मुलीला, ओवीला, दरवर्षीच्या तपासणीला मी नेईन. कार्तिकीनं पहिल्या वर्षी नाही म्हटलं, दुसऱ्या वर्षीही. तिसऱ्या वर्षी म्हणाली, "या. पण तिला चॉकलेट-बिस्किटं देऊ नका, आणि तिच्यापुढे रडू नका." तेव्हापासून दर उन्हाळ्यात हेमलता उरणला जायची, ओवीचा हात धरून दवाखान्यात न्यायची. दंडाला पट्टा गुंडाळला जायचा, रक्त घेतलं जायचं, आणि ओवी डोळे मिटून दात आवळायची. दाब नेहमी वयाच्या मानानं जरा वरच असायचा.

ओवी आठ वर्षांची असताना दवाखान्याच्या बाहेरच्या उतारावर तिनं विचारलं, "आजी, आमच्या वर्गात कुणालाच हे करावं लागत नाही. मलाच का?"

कार्तिकीही सोबत होती. ती दोन पावलं पुढे होती, ती थांबली. हेमलतेनं तिच्याकडे पाहिलं. ही गोष्ट टाळायला मदत कर, असंच त्या बघण्यात होतं. कार्तिकी म्हणाली, "तुम्हाला विचारलंय तिनं."

मग हेमलतेनं सांगितलं. सोप्या शब्दांत, पण काही न गाळता. तू पोटात असताना तुला खायला कमी पडत होतं. ते सांगणारा एक दिवा होता. लोक काय म्हणतील म्हणून मी तो दिवा तुझ्या आईच्या अंगावरून काढला आणि सईआत्याच्या अंगावर लावला.

ओवी विचार करत होती. "आत्याकडे नील होता ना तेव्हा पोटात?"

"हो."

"त्याला पुरत होतं?"

"हो. त्याला मी देत होते."

"आणि मला का नाही दिलंस?"

याला उत्तर हेमलता आठ वर्षं शोधत होती. रीत, ऑर्डरी, संघ, सगळं मनात येऊन गेलं. त्यातलं एकही या मुलीच्या तोंडावर सांगण्याजोगं नव्हतं.

"तुझी आई मला माझी वाटली नव्हती," ती म्हणाली.

ओवीनं हात सोडवून घेतला. रागानं नाही, तिला बुटाचा बंद बांधायचा होता. तो तिनं हळूहळू, जीभ बाहेर काढून बांधला. मग उठली आणि आईजवळ जाऊन तिच्या बाजूनं चालायला लागली. उतारावर ऊन होतं, दोघी पुढे होत्या. हेमलता मागून चालत होती. हाक मारून थांबवावं असं तिच्या ओठांपर्यंत आलं. तिनं ते गिळलं, आणि त्यांच्या चालीला चाल मिळवत चालत राहिली.